तळहातावरचा कापूस

मला कुष्ठरोग झाल्याचं कळलं तेव्हा मी बोरीतल्या एका दुकानदाराच्या घरची सून होते. बधिर चट्टा डाव्या हातावर होता. आम्ही लिंगायत; गळ्यातलं लिंग रोज त्याच तळहातावर घेऊन पूजा करायची. उद्या बोटं वाकडी झाली तर महादेवाला कुठे बसवू, या एका विचाराने माझी झोप उडाली होती.

दर महिन्याला जिंतूरहून कुष्ठतंत्रज्ञ यायचे. गोळ्या द्यायचे आणि त्या लागू पडताहेत का ते तपासायचे. मी डोळे मिटायचे, ते कापसाचं टोक हाताला लावायचे, जिथे लागलं तिथे मी बोट ठेवायचं. सांगायला लाज वाटते, पण मी डोळे किलकिले करून बघायची. सगळं ठीक दिसलं की त्यांचं येणं थांबेल, शेजारणींच्या नजरा थांबतील, असं वाटायचं. तीन महिने मी त्यांना फसवलं आणि ते कागदावर सुधारणा लिहीत गेले.

पुढच्या तपासणीच्या दिवशी विद्यापीठाच्या नामांतरावरून बंद होता, एसट्या आल्या नाहीत. सुटले म्हणत मी खुशीत पूजेला बसले. जप करताना जळका वास आला. बघते तर डाव्या हाताची करंगळीकडची कड तापलेल्या धुपाटण्याला टेकलेली, कातडी करपलेली, आणि मला पत्ताच नाही. मी खूप रडले. महादेवाला म्हटलं, आता तूच बघ.

दुपारी ते दारात उभे. भर उन्हात जिंतूरहून सायकल मारत आले होते. मी हात पुढे केला आणि सगळं कबूल केलं. ते रागावले नाहीत. पाणी पिऊन म्हणाले, "ताई, गोळी काम करायलीय का न्हाई, हे मला तुमचा हातच सांगणार. तुमीच खोटं दावलं तर मी कुणाला इचारू?"

कोपराजवळची, बोटांकडे जाणारी शीर सुजलेली निघाली. आणखी महिना गेला असता तर बोटं वाकलीच असती, असं ते म्हणाले. परभणीच्या डॉक्टरांनी सुजेच्या गोळ्या दिल्या. मी रोज तेल लावून बोटं ताणायची; एक दिवस चुकवला नाही. तपासणीला पदर डोळ्यांवर घट्ट ओढून बसायची आणि "न्हाई लागलं" असं खरं सांगायची. चौथ्या महिन्यात तळव्याच्या कडेला मुंगी चालल्यासारखं झालं. मी बोट ठेवलं. पदर काढला, तर ते डोळे पुसत होते.

करंगळी अजून बधिर आहे, तिची तक्रार नाही. बंदच्या दिवशी त्यांना सायकल काढायची बुद्धी कुणी दिली, हे मी कधी विचारलं नाही. हात मात्र रोज जोडते. देवापुढे डोळे मिटायला मला लहानपणीच शिकवलं होतं. ते खरे मिटायला मी त्या कापसापुढे शिकले.