डासाला ताप येत नाही

आईचा ताप उतरला तेव्हा वॉर्डातल्या बायकांनी हसून माना हलवल्या. मी मात्र खाटेजवळून हलले नाही. डेंग्यूत ताप उतरल्यावरच खरा धोका सुरू होतो, हे मी कॉलेजात शिकले होते.

"ताप उतरना. चाल घर," आई म्हणाली. डिंडोली वस्तीतल्या आमच्या खोलीत ती साड्यांचे लोंबते धागे कापून देते. दोन गठ्ठे तसेच पडून होते.

"डॉक्टर सोडत नही, माय."

"त्यानं काय जास? धागा तो कापी दी का?"

वडील लूमच्या कारखान्याच्या दारावर युनियनची पत्रकं वाटायचे, मी त्यांवरच वाचायला शिकले. आताही मांडीवर महापालिकेविरुद्धचं माझं अर्धं लिहिलेलं पत्रक होतं: आधी रोज पाणी सोडा, मग डासांसाठी पिंपं भरून ठेवणाऱ्यांना दोष द्या. आईनं त्यात डोकावून विचारलं, "त्या मच्छरले ताप नही येस का?"

ती ऐकत राहिली तर पडून राहील, म्हणून मी सांगत सुटले. डासाच्या पेशीत शिरलेला विषाणू स्वतःच्या नकला काढतो, तेव्हा त्याच्या आरएनएचा लांब दुहेरी धागा तयार होतो. पेशीचा स्वतःचा धागा सहसा असा नसतो, म्हणून परका ओळखू येतो. एक प्रथिन त्याचे बारीक तुकडे करतं. दुसरं त्यातल्या एका तुकड्याची एक बाजू नमुना म्हणून धरून ठेवतं आणि त्याच्याशी जुळेल तो धागा कापत जातं. विषाणू संपत नाही, पण आवाक्यात राहतो. डास उडत राहतो, चावत राहतो.

"म्हंजे तो सोता धडधाकट, आन आमले आडं पाडस. शेठसारखाच मंग!"

शेजारच्या खाटेवरची बाई खळखळून हसली. एरवी मीही हसले असते, तिचं वाक्य पत्रकात घेतलं असतं.

"तुनापाशी अशी कात्री नही, माय," मी म्हटलं. आपलं शरीर मुख्यतः वेगळ्या रीतीनं लढतं. त्या लढाईत रक्तवाहिन्या पाझरू लागतात, रक्तदाब घसरतो, आणि तेव्हा अंगात ताप असतोच असं नाही. पोट दुखतं, उलट्या होतात.

आई चादरीचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

"सकायपाईन पोट दुखी राहिनं," ती हळूच म्हणाली. "सांगं तर घर जाऊ देतीन नही."

मी सिस्टरला हाका मारत धावले. तिनं आईच्या दंडाला रक्तदाबाचा पट्टा बांधला, आकडा पाहिला, पुन्हा बांधून पाहिला. मग माझ्याकडे न बघताच डॉक्टरांना फोन लावला.