तापलेले हात

क्रेसेन्सियाच्या जिभेला धार होती आणि पोटात माया होती. पण ती माया दिसायला माणसाला तिच्याजवळ बरीच वर्षं काढावी लागत. सालिनासच्या खोऱ्यात स्ट्रॉबेरी तोडणाऱ्या बायकांत ती सगळ्यात जुनी. सीमेपलीकडच्या वाहाकाच्या डोंगरातलं आपलं मिश्तेक आदिवासींचं गाव सोडून ती आली तेव्हा तरणीताठी होती. आता गुडघे कुरकुरायचे, पण एकदा सरीत वाकली की पोरीबाळींना मागे टाकायची. मुकादमसुद्धा तिच्या वाटेला जात नसे.

तिचा एक नियम होता आणि हळूहळू तो साऱ्या टोळीचा झाला होता. काम करून तापलेल्या हातांवर गार पाणी घ्यायचं नाही. हात आधी निवू द्यायचे, घरी जाऊन जेवणखाण उरकू द्यायचं, मग धुवायचे. नाहीतर वात धरतो. तिच्या आईनं भर उन्हात मका कापता कापता झऱ्यात हात घातले आणि तिची बोटं ऐन उमेदीत वाकडी झाली, असं ती शपथेवर सांगे. तोडणारीचे हात गेले म्हणजे घरातली चूल गेली, हे कुणाला वेगळं सांगायला नको होतं. त्यामुळे शेताच्या कडेला गाड्यावर पाण्याची टाकी होती, साबण होता, आणि तिकडे कुणी फिरकत नव्हतं. दुपारी बायका त्याच हातांनी तोर्तिया, म्हणजे मक्याच्या भाकरी, मोडून खात आणि संध्याकाळी त्याच हातांनी लेकरं उचलून घेत.

क्रेसेन्सियाची सून ओब्दुलिया त्याच टोळीत तोडायची. लग्नाला बरीच वर्षं झाली तेव्हा कुठे तिला दिवस गेले. सासूनं कौतुक केलं ते आपल्या पद्धतीनं, सुनेच्या भरलेल्या पेट्या स्वतः उचलायला लागली आणि वर म्हणाली, "तुझ्यानं काही होणार नाही, सरक."

त्याच सुमारास दवाखान्यातली मारिक्रूस घरी आली. तीही तोडणाऱ्यांचीच लेक, शिकून मोठी झालेली. पिकावर फवारलेलं औषध गरोदर बायकांच्या अंगात किती उतरतं, याचा अभ्यास चालला होता. ती त्यांची लघवी तपासायला नेई. ओब्दुलियाच्या तपासणीत ते पुष्कळ निघालं.

"घाबरू नकोस," मारिक्रूस तिला म्हणाली, "पण शेतात खायच्या आधी हात धू, आणि निघताना परत धू. पानांवरचं औषध हाताला लागतं, हातावरून तोंडात जातं, तिथून बाळाकडे."

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत ओब्दुलिया टाकीकडे निघाली. सासू आडवी आली.

"कुठे निघाली स्वारी?"

"हात धुवायला, आत्याबाई."

"निवले का?"

"नाही, पण मारिक्रूस म्हणाली..."

"मारिक्रूस कागद भरते, स्ट्रॉबेरी नाही तोडत. उद्या बोटं वाकडी झाली की तिलाच बोलव माझ्या लेकाच्या तोर्तिया थापायला. आणि पोटातल्याला गारठा बसला म्हणजे?"

"गारठा कसला बसतोय!" शेजारची पेत्रोनिला म्हणाली. "अशी निखाऱ्यासारखी आजी मिळालीय त्याला!"

सगळ्या हसल्या. ओब्दुलियाही हसली आणि मागे फिरली. पुन्हा ती टाकीकडे गेली नाही. सासूचा धाक होताच, पण खरं सांगायचं तर तिलाही गार पाण्याची भीती वाटत होती. तीही त्याच डोंगरातली.

मुलगी सातव्या महिन्यात झाली. तिला काचेच्या पेटीत ठेवलं. एल्विरा नाव ठेवलं, कारण बिननावाचं लेकरू देवाकडे धाडायचं नव्हतं. आठवडाभरानं ती गेली. इतकं लहान मढं क्रेसेन्सियानं याआधी पाहिलं नव्हतं, आणि तिनं तर पुष्कळ पाहिली होती. ओब्दुलिया घरात भिंतीकडे तोंड करून पडून राही. सासूला ती एका शब्दानं बोलली नाही. ती बोलली असती तर बरं झालं असतं.

क्रेसेन्सिया एकटीच दवाखान्यात गेली आणि मारिक्रूससमोर उभी राहिली.

"मला सरळ सांग पोरी. हात मी धुऊ दिले नाहीत. मी मारलं का तिला?"

"मावशी, असं एका बाळाचं सांगता येत नाही. शेकडो बायका तपासल्या की कळतं, कशानं धोका वाढतो ते. पण एल्विराचं कशानं झालं, ते कुणालाच..."

"म्हणजे मी नाही?"

"तसंही म्हणता येत नाही."

"अगं, मग फासावर तरी द्या, नाहीतर सोडा तरी! हे मधलं काय?"

मारिक्रूसचे डोळे भरले. ते पुसून तिनं विचारलं, "पण धुवायला का नको म्हणालात? आम्हाला वाटायचं, तुम्हाला वेळच मिळत नाही."

क्रेसेन्सियानं आईच्या बोटांची हकिगत सांगितली. मारिक्रूस म्हणाली, "माझी आईपण हेच म्हणायची. आणि मी तुम्हाला विचारलंसुद्धा नाही." टाकीत कोमट पाणी हवं, अशी मागणी तिनं त्याच आठवड्यात मालकाकडे केली. बघू, असं उत्तर आलं. त्या पिकावर फवारलं कुणी, कुणाच्या हुकमानं, हे कुणी मालकाला विचारलं नाही. ओब्दुलियानं हात का धुतले नाहीत, एवढंच जो तो विचारत होता. ही गोष्ट सांगताना मला याचा संताप येतो, पण माझ्या संतापानं पाणी तापत नाही.

ओब्दुलिया कामावर परतली त्या दिवशी फार ऊन होतं. जेवणाची सुट्टी झाली. बायका सरीच्या कडेला बसल्या आणि क्रेसेन्सिया उठून टाकीकडे निघाली. हात लालभडक झालेले, मनगटापर्यंत रस.

"अगं बाई, निवू दे तरी!" पेत्रोनिला ओरडली.

क्रेसेन्सियानं नळ सोडला आणि दोन्ही हात गार पाण्याखाली धरले. पाणी लागताच ती शहारली. आईच्या बोटांच्या हकिगतीवरचा तिचा विश्वास रतीभरही हलला नव्हता. मारिक्रूसनं कितीही समजावलं असतं तरी तो हलला नसता.

ओब्दुलिया तिच्या मागे येऊन उभी राहिली होती.

"आत्याबाई, बोटं वाकडी होतील."

"होऊ देत."

ओब्दुलियानं नको म्हटलं नाही. नळ बंदही केला नाही. तिनं फक्त साबण उचलला आणि सासूच्या हातात दिला.