मैदानात उतरण्याची वाट

आमच्या गावचं कुस्तीचं मैदान ओढ्याकाठच्या टेकाडात वाडग्यासारखं खोदलेलं आहे. तळाशी तांबड्या मातीचा आखाडा, भोवती लोकांना बसायला चढती माती आणि खाली उतरायला एकच वाट: दगड रोवून केलेल्या उभ्या पायऱ्या. दादाची चाकांची खुर्ची त्या पायऱ्यांच्या तोंडाशी येऊन थांबे.

फौजेत जाण्यापूर्वी दादा याच मैदानात लढत असे. एकाहत्तरच्या लढाईत सुरुंगावर त्याचे दोन्ही पाय गुडघ्यांच्या वरून गेले. परत आल्यावर दोन यात्रा त्याने ओसरीवर बसून काढल्या. हलगीची चाल बदलली की कुस्ती कुठवर आली, याचा तो अंदाज बांधी. तिसऱ्या वर्षी यात्रा कमिटीचे म्होरके त्याच्या सत्काराचं बोलणं घेऊन घरी आले. मी तेव्हा सांगलीला बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते आणि यात्रेसाठी गावी आले होते.

"सत्कार नको, मामा," दादा म्हणाला. "मला कुस्त्या बघायच्यात. माझा मी आत येईन, माझा मी भाईर जाईन, एवढी वाट करा."

"आवं फौजी, वाट कशाला? तुमी काय उसाची गाडी हाय व्हय?" म्होरके हसले. "चार गडी खांद्यावर घेत्यात. हलगी म्होरं!"

"आन् मधीच उठावं वाटलं तर?"

"मधी कशापायी उठताय? लय झकास जोड्या हाईत औंदा."

भौतिकशास्त्राच्या दृष्टीने प्रश्न अगदी प्राथमिक होता. खोली तीच ठेवून उताराची लांबी वाढवली की लागणारा जोर कमी होतो. पायऱ्यांच्या शेजारची माती तिरकी कापली असती, तर दादाचे खांदे खुर्ची वर ओढायला पुरेसे होते. आखाडा भुसभुशीत करायला कमिटी दरवर्षी माती खणतेच. त्याच फावड्यांचं एका दिवसाचं काम. मी हे दारातून सांगितलं.

"ताई, ही कालिजातली इद्या कालिजात ठेवा," म्होरके म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता. "मैदानात बायामाणसाचं काय काम?"

मी आप्पांकडे, आमच्या वडिलांकडे, पाहिलं. आप्पा सुपारी कातरत राहिले. म्होरके गेल्यावर मी आप्पांना वाट न मागण्याचं कारण विचारलं, तेव्हा ते म्हणाले, "खांद्यावरनं फकस्त जिकल्याला पैलवान जातो. गाव त्याला त्यो मान न लढता देतंय. आन् आमी रस्ता मागायचा? म्हंजी गावात चार गडी उरलं न्हाईत म्हणायचं?"

या तर्कात एक दोष होता आणि तो मला तेव्हाच दिसत होता. जिंकलेला पैलवान खांद्यावरून उतरला की स्वतःच्या पायांनी घरी जातो.

यात्रेच्या आदल्या संध्याकाळपासून दादा पाणी प्यायला नाही. का, ते घरात सर्वांना कळलं. दुपारी गुलाबी फेटा बांधून त्याला नेलं. आई आणि मी बायकांबरोबर शाळेच्या गच्चीवर होतो. तिथून मैदान तळापर्यंत दिसे. चौघांनी त्याला पायऱ्यांवरून खाली उतरवलं, आखाड्याला एक फेरी मारली आणि पाहुण्यांच्या चौथऱ्यावर, तक्क्याला टेकवून बसवलं. मग ते चौघे गर्दीत मिसळून गेले. खुर्ची वर काठावर राहिली होती. थोड्या वेळाने कोणीतरी तिच्यात नारळांचं पोतं ठेवलं.

कुस्त्या खरोखर चांगल्या झाल्या. पहिला तासभर दादा पुढे वाकून बघत होता. एका डावाला त्याने मांडीवर थाप मारली, तेव्हा आई हसली. पण मानाच्या पाहुण्याला नुसतं कसं बसू द्यायचं? सरबत आलं. त्याने हात जोडले. म्होरक्यांनी पेला त्याच्या ओठांना लावला. मग चहा आला, मग पुन्हा सरबत. ऊन कललं तसा तो कुस्तीकडे बघेनासा झाला. चौथऱ्याची कड त्याने दोन्ही हातांनी धरली होती.

"आई, त्याला उठायचंय."

"गप. समदी बघत्यात."

"मी जाते."

आईने माझं मनगट धरलं. "तू मैदानात शिरलीस तर आज कुस्त्या थांबतील. त्याच्यामुळं थांबल्या म्हणतील."

हा तर्क मात्र निर्दोष होता. मी मनगट सोडवायचा प्रयत्न केला नाही.

मग दोन कुस्त्यांच्या मधल्या वेळात दादाने फेटा काढून बाजूला ठेवला, चौथऱ्यावरून स्वतःला खाली सोडलं आणि हातांवर निघाला. आखाड्याच्या कडेकडेने, मातीत पंजे रोवत. हलगी बंद पडली. तो पायऱ्यांपाशी पोचला, पहिल्या दगडावर हात ठेवला आणि तिथेच थांबला. दगड त्याच्या छातीइतका उंच होता. चारी बाजूंनी माणसं धावली.

"हात लावू नगा!" त्याचा आवाज गच्चीपर्यंत आला.

गर्दीतून आप्पा खाली उतरले. त्यांनी खांद्यावरचा पंचा काढला, दोन्ही टोकांना धरला आणि लोकांकडे पाठ करून, पंच्याचा आडोसा धरून दादासमोर उभे राहिले. किती वेळ, ते मी मोजलं नाही. नंतर हलगी पुन्हा वाजू लागली. मैदान रिकामं होईपर्यंत बाप-लेक पायरीच्या तळाशी शेजारी बसून होते. शेवटी अंधार पडता पडता आप्पांनी दादाला पाठीवर घेतलं. दादाने त्यांच्या गळ्यात हात घातले.

पुढच्या वर्षी म्होरके पुन्हा आले, नवा फेटा घेऊन. चेहऱ्यावर खरी कळकळ होती. "फौजी, गेल्या साली आमचं चुकलंच. औंदा आठ गडी!"

"आन् उतरवणार कवा?"

"मैदान सपल्यावर. मान सोडून मधीच कसं?"

दादा मोठ्याने हसला आणि खुर्ची वळवून आत गेला. म्होरके फेटा उंबऱ्यावर ठेवून, दुखावलेले, निघून गेले.

तो फेटा परत करायला मी गेले. मैदानाच्या काठावर उभी राहिले आणि तिथून तो खाली सोडला. खाली चार-पाच जण फावड्यांनी आखाडा खणत होते. त्यांच्यातल्या एकाने फेटा झेलला.

"फौजी येणार न्हाईत व्हय?"

"वाट केलीत तर येतील."

त्याने फावडं मातीत रोवलं, घाम पुसला आणि पायऱ्यांकडे, मग माझ्याकडे पाहिलं.

"कसली वाट?" त्याने विचारलं. त्याला खरंच कळलं नव्हतं.