फळीवर ते, मागं आम्ही

"बस की तिथंच. तुमच्या घराण्यात हेच काम. हात बसलेला असणार."

साहेब असं म्हणाले आणि सगळी होडी हसली. सगळ्यात मोठ्यानं मी हसलो. माझ्या हातात अर्धा कापलेला प्लास्टिकचा कॅन होता आणि मी होडीत साचलेलं पाणी उपसत होतो.

मला कुणी सांगितलं नव्हतं, ही त्यातली गंमत. सिरुसेरीतल्या आमच्या सॉफ्टवेअर कंपनीच्या टीमची सहल, जवळच्याच कोवलमच्या खाडीत. मासेमाराची होडी, तळाला जरा गळत होती. सगळे चढेपर्यंत मी काठावर थांबलो. मग मागच्या टोकाला, ओल्यात जाऊन बसलो. कॅन दिसला, उचलला. सीनियर डेव्हलपर. पायात महागडे बूट. होडीवाला तमिळमध्ये म्हणालासुद्धा, "नींग विडुंग, सार." तुम्ही राहू द्या. मी ऐकतोय कशाला. डोकं इंजिनियर झालं होतं, ढुंगण अजून गावातच होतं.

पुण्याच्या एका मुलीनं विचारलं, "म्हणजे काय, सर?"

"अगं, आमचं दोघांचं गाव एकच. नदीवर पूल नव्हता तेव्हा. नावेत फळीवर आम्ही, मागं यांची माणसं, पाणी उपसायला. पद्धतच होती. भांडण नाही, काही नाही. सगळे गुण्यागोविंदानं."

गुण्यागोविंदानं.

फळीवर साहेबांचे वडील बसायचे. आमची वस्ती गावाबाहेरची. आमचा विटाळ व्हायचा, उपसणाऱ्या हातांचा तेवढा होत नव्हता. मागं आई, तिच्या मांडीवर मी, तिचे पाय पाण्यात, हातात उपसायचा डबा. डबा जरा थांबला की फळीवरून आवाज यायचा, "का गं, निजलीस का?" एकदा मी म्हणालो, "आई, उतरू या आपण." नाव मधोमध.

"कुठं उतरतोस?" आई म्हणाली. डबा चालूच.

खाडीत तरी कुठं उतरणार होतो? नदीकाठी जन्मून मला पोहता येत नाही. डोहाकडं आमच्या पोरांना फिरकू देत नव्हते. समोर बसलेला माणूस माझं अप्रेझल लिहिणार. चारी बाजूंनी पाणी. आणि मी अजून हसतोय. गाल दुखायला लागले होते.

आधी हसणं थांबवलं. त्यालाच केवढा जोर लागला. मग पुढं सरकून कॅन साहेबांच्या पायाशी ठेवला.

"आता तुम्ही."

"काय?"

"बुटापर्यंत आलंय तुमच्या. उपसा."

साहेबांनी पाय उचलून फळीवर घेतले आणि काठ येईपर्यंत तसेच उकिडवे बसून राहिले. कॅनला हात लावला नाही. मीही लावला नाही. घोट्यापर्यंत भिजलो. बुटांचं वाटोळं झालं.

संध्याकाळी त्यांचा फोन आला. "अरे, गंमत केली मी. तू सगळ्यांसमोर शोभा केलीस. सोमवारी मीटिंगमध्ये सॉरी म्हणून टाक, विषय संपला. अप्रेझल तोंडावर आलंय, एवढं लक्षात ठेव."

लक्षात आहे. सोमवारी मीटिंगमध्ये मी उभा राहणार आहे. सॉरी म्हणायला नाही. फळीवर कोण बसायचं ते नाव घेऊन सांगणार. मागं कोण भिजत बसायची तेही. इंग्रजीत सांगणार, म्हणजे तमिळ पोरांनाही नीट कळेल. नंतर साहेबांनी अप्रेझलमध्ये काय लिहायचं ते लिहावं.

आईचं नाव आधी घेणार.