तिसरीचा कागद

“अंगठा दे. तुला वाचता थोडंच येतंय.”

बाईसाहेबांनी माझा हात धरला आन शाईच्या डबीवर दाबला. सत्तरी गाठली मी. ल्हान पोराचा धरत्यात तसा माझा हात कुणी धरला नव्हता.

दवाखान्याला पाटी नव्हती. इंदापूरच्या फुडं, हायवे सोडून आत. बाकावर आमी तिघी. बाईसाहेब, त्यांची सून आन मी. मी बाळ-बाळंतिणीला न्हाऊ घालणारी. ह्या सुनंच्या दोन्ही पोरी माझ्याच पायावर न्हाल्या. आता तिसऱ्यांदा दिस गेलेलं, पाचवा म्हैना लागलेला. बाईसाहेबांनी कुठनं तरी काढून घेतलं हुतं, ही बी मुलगीच.

मला एवढंच म्हणल्या, “सुनंला दाखवायचंय. सोबत चल.”

एरवी बंगल्यावर माझा कप येगळा, मागल्या खिडकीत पालथा. त्या दिवशी गाडीत शेजारी बसवलं. तवाच कळाया पायजे हुतं. पन मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू. पदर सारका करून बसले.

वाटंत सुनंनं एकदाच माझा हात वढून पोटावर ठेवला.

“मावशी, कालपास्नं हालतंय.”

बोटाला शाई लागली तसं मी इचारलं, “कागद कशाचा?”

“पोट पाडायचा. तू तिची मावशी म्हणून अंगठा दे. उद्या कुणी इचारलं तर म्हायेरचं माणूस हुतं म्हणता येतं.”

“सासू तुमी हायसा. तुमी करा की सही.”

“आमचं नाव कागदावर आणायचं व्हय?” बाईसाहेब हसल्या. “तुझ्या नावाला काय हुतंय? नाव तरी हाय का तुला?”

नाव हाय मला. त्या घरात कुणी घेतलं न्हाय, एवढंच.

मला बी तिसरी झाली हुती. सासूनं तिला उंबऱ्यापशी गार भुईवर ठेवली. म्हणली, ऱ्हाऊ दे तितंच. मी बाजंवर. बघत हुते. उठले न्हाय. बोलले न्हाय. दुपारपातूर रडली, मग रडायची थांबली. लोकांस्नी सांगितलं, मेलेलीच आली. मी बी मान हालवली. ती जित्ती आली हुती. हे मी आज पयल्यांदा बोलतीया.

त्या बाकावर तीच डोळ्याम्होरं आली. मी अंगठा लुगड्याला पुसला.

“न्हाय देनार.”

“मग उद्यापास्नं बंगल्याची पायरी चढायची न्हाय.”

“न्हाय चढत.”

“बाया काय कमी हायत्या? दुसरी आणीन.”

मी सुनंला इचारलं, “तुला पायजे का गं हे?”

तिनं मान हालवली. न्हाय. आन उठली. बाहेर ड्रायव्हर उभा हुता, म्हणून बाईसाहेबांनी आवाज चढवला न्हाय. आमी दोघी हायवेपातूर चालत आलो. एसटीनं निमगाव केतकीला. तिच्या आयच्या दारात.

आज बी ती तितंच हाय, दोन्ही पोरी बी तिच्यापशी. दर आठवड्याला बंगल्याची गाडी येती न्यायला. नवरा ओट्यावर बसून चा पितो, म्हणतो, “चल, आई रागावली न्हाय.” ती आतनं कडी काढत न्हाय. मला गावात आता कुणी न्हाऊ घालाय बोलवत न्हाय. बंगल्यानं सांगून ठेवलंय.

लोक म्हणत्यात, अजून जलमलं न्हाय, त्याला कसला हक्क. मी किती ल्हानगी पायावर घेतली, मोजली न्हाईत. पालथं घालून पाठीवर पाणी सोडलं की मुलगा का मुलगी कळत न्हाय. जीव तेवढा कळतो. त्या गाडीत बी माझ्या हाताखाली तोच हालला. बाईसाहेबांनी दिलेला न्हाय त्यो. त्यांनी घ्यायचा बी न्हाय.

गाडीनं तिला वढून नेली, तर मी इंदापूरला जानार. सरकारी माणसाम्होरं बसनार. तक्रारीचा कागद दोनदा वाचून घेनार. बंगला कुणाचा ते सांगनार, पाटी नसलेल्या दवाखान्याची वाट सांगनार. माझी उंबऱ्यापशी गेलेली बी सांगनार. खाली माझं नाव पुरतं लिव्हा म्हणनार.

मग अंगठा देनार.