पंचकोनाच्या समोर कोण?

भाचीच्या रुखवतात आपणही काहीतरी करावं असं मला का वाटलं, हे घरात अजून कुणाला उलगडलेलं नाही. रुखवत मांडायचं बायकांनी. आमच्याकडचे मामा लोक फार तर टेबलं उचलून देतात. पण भाची लातूरला शाळेत भूमिती शिकवते. तिला साखरेच्या बाहुल्या नको होत्या. मोबाईलवर तिनं रेशमी दोरीच्या चिनी गाठी दाखवल्या, त्रिकोणी, चौकोनी, पंचकोनी, षटकोनी, आणि मी बोलून बसलो, "मी करतो."

"तुला शर्टाचं बटन लावता येत न्हाई," ताई म्हणाली. "बुधवारपर्यंत चारही आण. न्हाईतर मी तयार संच मागवलाय, तोच मांडीन."

"विकतचं असलं तर मला नकोच काही," भाची हळूच म्हणाली. झालं, अडकलो.

नांदेडला येऊन व्हिडिओ लावला. त्यातली बाई चिनी बोलते, पण हात कळतात. दोरीचे हवे तितके फाटे पसरायचे, एकेक फाटा शेजारच्यावर दुमडत जायचं, शेवटचा पहिल्याखालून काढायचा आणि आवळायचं. चौकोन पहिल्याच दिवशी जमला. तो मी शेजाऱ्यांना आणि दूधवाल्यालाही दाखवला. षटकोन झाला. त्रिकोण जरा फेंगडा निघाला, पण खपला. पंचकोन मात्र आवळला की कलंडायचा. अकरा वेळा सोडला, अकरा वेळा बांधला.

"बटाटा छान झालाय," बायको म्हणाली.

मंगळवारी पटवेगाराचं दुकान गाठलं. मंगळसूत्रं ओवणं, गोफ-गोंडे करणं हे त्यांचं पिढ्यांचं काम. चाचा पायाच्या अंगठ्याला रेशीम अडकवून गोफ विणून राहिले होते. त्यांनी माझा बटाटा उलटासुलटा पाहिला.

"आवळता कसं, दाखवा."

मी नेहमीसारखे समोरासमोरचे दोन फाटे धरले.

"चारमधी समोर जोडीदार असतो," चाचा म्हणाले. "सहामधीबी असतो. पाचमधी समोर कोण हाय, साहब?"

पाहिलं. कुणीच नव्हतं, नुसती फट. आठवडाभर मी तिथं नसलेल्या माणसाशी रस्सीखेच खेळत होतो.

"एकेकाला जरा जरा ओढा, गोल फिरत. घाई नको."

"तुम्हीच करून द्या ना, चाचा."

"भाची तुमची हाय का माझी?"

मी अंगठ्यात दोरी अडकवली, तर मधे पोट आलं. चाचांनी भिंतीतला खिळा दाखवला. खिळ्याला बांधून, फिरत फिरत, सातव्या फेऱ्याला पाचवा कोपरा वर आला. मी तो कितीतरी वेळ नुसता बोटानं चाचपत बसलो.

बुधवारी लातूरला भाचीनं तो तळहातावर घेतला आणि पट्टी लावली.

"मामा, एक बाजू दोन मिलिमीटर मोठी हाय."

ताई लगेच तयार संचाचं खोकं उघडायला निघाली.

"राहू दे गं आई, ते परत पाठव," म्हणत भाचीनं पंचकोन रुखवताच्या पडद्यावर मधोमध टाचला. मग तिथंच उभं राहून तिनं विचारलं, "सात कोनांचा होतो का हो, मामा?"

मी ताईकडे न बघता पिशवीतली उरलेली दोरी काढली.