बोईसरचा वन्समोअर

धाकटीचं नाटक बोईसरच्या मंगल कार्यालयात मोठ्या पडद्यावर दाखवणार, तेही फुकट, ही बातमी मला मासळीवालीने सांगितली आणि माझं डोकंच फिरलं. सख्खी बहीण नाटकाची नायिका, आणि मला सांगणार कोण, तर सकाळी दारात बोंबील घेऊन बसणारी बाई.

"तुज्या भनीचा नाटक हाय ना आयतवारी? आमी पन येनार," टोपलीवरचं ओलं फडकं बाजूला करत ती म्हणाली.

"माहीत आहे मला," मी म्हटलं. मला काहीही माहीत नव्हतं. धाकटीने फोनवर आईला सांगितलं होतं, आईने अख्ख्या सालवड गावाला सांगितलं होतं, आणि ज्या घरात ती राहते त्या माझ्याच घरात तेवढं सांगायला विसरली होती. विसरली म्हणे.

मुंबईतल्या नाट्यगृहात रविवारी दुपारचा प्रयोग होणार, तिथे कॅमेरे लावणार आणि त्याच वेळी तो गावोगावच्या सभागृहांत पडद्यावर दिसणार, असं ठरलं होतं. ज्यांना मुंबईला जाणं आणि तिकीट काढणं जमत नाही, त्यांच्यापर्यंत संगीत नाटक पोचवायचं. योजना चांगलीच होती. माझ्या बहिणीऐवजी दुसरी कुणी नायिका असती तर कार्यालयाच्या दारात मी स्वतः रांगोळी काढली असती.

आम्ही मूळचे सांगलीकडचे. बाबा इथल्या वीज केंद्रात नोकरीला लागले आणि येताना पेटी घेऊन आले. संध्याकाळी ते पेटीवर बसत, मी गात असे आणि धाकटी माझ्यामागून गात असे. नाट्यपदं तिला मी शिकवली. पद मनासारखं झालं की मी मांडीवर थाप मारून "वन्समोअर!" म्हणायचे, नाटकात प्रेक्षक म्हणतात तसं, आणि मग ती ते पुन्हा गायची. तो मिळाल्याशिवाय जेवायला उठायची नाही, इतकी हट्टी. एका पदाला मात्र मी तो कधीच दिला नाही. याच नाटकाच्या तिसऱ्या अंकात नायिका निरोप घेते तेव्हाचं पद. अंतऱ्यात एक जागा आहे, वरच्या सुरावरून एका दमात खाली घरंगळत यायचं. मला ती साधायची, तिला नाही. नाही साधली तर उगाच का द्यायचा?

पुढे माझं लग्न झालं आणि तिला मुंबईत गुरू मिळाले. मी इथल्या शाळेत संगीत शिकवते, म्हणजे मुख्यतः स्वागतगीतं बसवते. पाहुणे बदलतात, गीत तेच. एकदा पालघरला जिल्ह्याच्या मोठ्या कार्यक्रमात मुलींबरोबर मी स्वतः उभी राहिले. गीत संपलं तरी पाहुण्यांच्या गाडीचा पत्ता नव्हता, तेव्हा आयोजकांनी लांबूनच हाताने खूण केली, पुन्हा म्हणा. माझ्या वाट्याला आलेला वन्समोअर तो एवढाच.

धाकटीचे प्रयोग मी मुंबईला जाऊन पाहिलेत, पण हे नाटक तिने नवीनच घेतलं होतं. आईचे गुडघे तर तिला कुठेच जाऊ देत नाहीत. त्यामुळे आईच्या कानावर रोज पडणारं गाणं माझं होतं. भाकऱ्या थापताना मी गायचे आणि आतल्या खोलीतून आई दाद द्यायची. तेवढा एक श्रोता माझा होता. आता तोही इस्त्रीचं पातळ नेसून पडद्यासमोर जाऊन बसणार होता, आणि त्याला रिक्षातून हात धरून नेणार होते मी.

कार्यालयात सकाळीच एक लग्न लागलं होतं. खुर्च्यांच्या पाठींना लाल फिती तशाच, हवेत मसालेभाताचा वास, आणि नवरा-नवरीचं सिंहासन बाजूला ढकलून तिथे पडदा ताणलेला. मला वाटलं होतं, येऊन येऊन येणार कोण? तर हॉल भरला. कारखान्यांतली पोरं आली. मासळीवाली तर तिच्या गावच्या सगळ्या बायकांना घेऊन आली होती, गजरे माळून.

आयोजकांनी माइकवर सांगितलं की हे रेकॉर्डिंग नाही, आत्ता या क्षणी तिथे चाललेलंच तुम्हाला दिसणार आहे.

"मतलब क्रिकेट जैसा?" मागच्या रांगेतल्या एका कामगाराने मला विचारलं.

"हां, वैसाही," मी म्हटलं. फक्त इथे कोण जिंकणार ते आधीच ठरलेलं होतं.

तिसरी घंटा झाली, तिथली, पण इथेही सगळे चिडीचूप झाले. धाकटी आली. तिचा चेहरा भिंतीएवढा. मी लगेच कामाला लागले. नथ मोठी होती. पहिल्या पदात श्वास दोनदा ऐकू आला. हातवारे जरा जास्तच.

"बारीक झालीय गं," आई डोळे पुसत म्हणाली.

"मेकअप आहे तो," मी म्हटलं.

तिसऱ्या अंकात ते पद सुरू झालं आणि मागून खांद्यावर टकटक झाली. "बाय, हा तं तुजा गाना हाय," मासळीवाली कानात म्हणाली. "सकाळी भाकऱ्या करताना तू बोलते तोच."

खोटं कशाला बोलू, इतकं बरं मला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं. आईने ऐकलं का, म्हणून मी वळून पाहिलं. आईने ओठांवर बोट ठेवलं होतं.

मग ती जागा आली. मी खुर्चीच्या कडेवर सरकून बसले. धाकटी आता घसरणार, याची मी वाट पाहत होते, हे मला त्याच क्षणी स्वच्छ कळत होतं. ती घसरली नाही. ती माझ्या वाटेने आलीच नाही. मी जिथून घरंगळत खाली येते तिथे ती थांबली. ऑर्गन थांबला. मग ती एकेक सूर चाचपत, अंधारात जिना उतरावा तशी खाली आली, आणि निरोप घेणारी बाई अशीच उतरेल हे मला इतक्या वर्षांत सुचलं नव्हतं. ते माझ्यापेक्षा चांगलं होतं. थोडंथोडकं नव्हे, पुष्कळ चांगलं होतं. माझ्या अंगाची लाही लाही झाली.

"वन्समोअर!" आई ओरडली. गुडघ्यांवर हात रेटून ती चक्क उभी राहिली. तिच्यामागून सगळा हॉल ओरडायला लागला. कामगार पोरांनी शिट्ट्या मारल्या, गजरेवाल्या बायका उठून उभ्या राहिल्या. मुंबईच्या प्रेक्षकांनी मात्र नुसत्या टाळ्या वाजवल्या आणि टाळ्या थांबताच धाकटीने पुढचं वाक्य बोलायला सुरुवात केली.

"अगं, देतोय ना आम्ही! घे की पुन्हा!" आई पडद्याला म्हणाली.

आयोजक धावत आले. "आजी, आपला आवाज तिकडे जात नाही."

"लेक आहे माझी ती. न जायला काय झालं?"

हॉल थांबेना. तिचे दोन संवाद आमच्या ओरडण्यात बुडाले. त्या अख्ख्या कार्यालयात गप्प बसलेली मी एकटीच होते, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून. आई खाली बसताना तिची नजर त्या हातांवर गेली.

संध्याकाळी आम्ही घरी येऊन चहा घेत होतो तेव्हा धाकटीचा फोन आला. आईने स्पीकर लावला आणि हॅलो म्हणायच्या आधीच तक्रार केली, अख्ख्या बोईसरने वन्समोअर दिला आणि तू ढुंकून पाहिलं नाहीस. धाकटी खूप हसली. हसता हसता मध्येच थांबली.

"आई, ताईनं दिला का गं? त्या पदाला?"

मी कपबशा उचलून मोरीकडे निघाले होते. आईने माझ्याकडे पाहिलं.

"दिला की," ती म्हणाली. "सगळ्यांत आधी तिनेच दिला. ओरडून ओरडून घसा बसलाय तिचा."

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला.

"खरंच?"

"विचार तिलाच," म्हणत आईने फोन माझ्यापुढे धरला आणि माझ्या हातातल्या कपबशा काढून घेतल्या.

"ताई?" धाकटी म्हणाली.

मी बोलायला तोंड उघडलं, आणि माझा घसा खरोखरच बसलेला होता.